जपून ठेवलेलं अमृत

डोंबिवली पूर्व
१८ जून २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. मायना तू शिकवलास तसा अगदी पूर्ण लिहिणार होते, पण सुरुवातीलाच खाडाखोड झाली आणि कागद बदलावा लागला. दुसऱ्या कागदावरही झाली. म्हणून नुसता नमस्कार.

बाबांनी तुझा निरोप दिला. योगिनीताई व्यायाम घ्यायला येतात, त्यांनी तुला रोज उजव्या हाताने एक पान लिहायला सांगितलं आणि तू त्यांना म्हणालीस, "जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं, आता अ-आ-इ-ई गिरवत बसणार नाही. पत्रं लिहीन. पण उत्तर देणारं माणूस हवं." ते माणूस मी. लहानपणी दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही, जे शिकले ते तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तेव्हा चुका सापडल्या तर दोष निम्मा तुझा.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, नाहीतर मला चैन पडणार नाही. साकेतदादाचा बंगळूरहून फोन आलेला. मार्चमध्ये तुला पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून त्याला वाटतंय की तू माजिवड्याचं घर बंद करून त्याच्याकडे राहायला जावंस. तुला ते नको आहे हेही त्याला ठाऊक आहे. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. कुलूप, गॅस, गोळ्यांची पाकिटं एवढं आईला एकटीला जमलं तर मी एक शब्द बोलणार नाही. पण ती फोनवर सगळं झकास म्हणते गं. क्षिप्रा, तू खोटं बोलत नाहीस. तू मला खरं कळव." मी हो म्हटलंय. तुझ्या पाठीमागे काही कळवणार नाही. त्याला जे लिहीन ते तुला आधी दाखवीन.

आणि त्याने पाठवलेलं खोकं उघडलंस का? त्यात 'नाइन्थ लँटर्न' आहे, त्याच्या लहानपणीचा टीव्हीवर खेळायचा जपानी खेळ, नव्याने बनवलेला. योगिनीताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बटणं दाबायची ना? मग सोन्याहून पिवळं. उजवा अंगठा हलला पाहिजे, बस."

तुझी,
क्षिप्रा

*

माजिवडा, ठाणे
२७ जून

चि. क्षिप्रा,

आशीर्वाद. अक्षर कसं आलंय ते दिसतंच आहे. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली असं समज.

साकेतला जे कळवायचं ते कळव. माझं म्हणणं त्याला एका ओळीत सांग: मी माझ्या घरात राहणार. खिडकीतून पूल दिसतो, पुलावरची गर्दी दिसते, मला करमतं. बंगळूरला विसाव्या मजल्यावर बसून कुणाला ओरडू?

आता तुझ्या खेळाबद्दल. शेजारच्या महेंद्रने टीव्हीला जोडून दिला. हा खेळ मला पाठ आहे, हे तुला माहीत नसेल. साकेत सात-आठ वर्षांचा असताना त्याला इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. पडद्यावर जे कोणी बोलेल ते मी शेंगा सोलता सोलता मोठ्याने वाचायचे आणि मराठीत सांगायचे. नऊ गावांतले नऊ कंदील विझलेत, ते पेटवायला एक पोरगी, एक शिपाई आणि एक म्हातारी निघतात, शेवटी धुक्याच्या राजाशी गाठ. त्यातली म्हातारी ओतो माझी आवडती. कंबरेतून वाकलेली, सगळ्यांच्या मागून चालायची, पण जखम झाली की पोरं तिच्याकडेच धावायची.

तर नव्या खेळात या लोकांनी ओतोला पंचविशीची केली आहे! केस कमरेपर्यंत. लढाईत उड्या मारते. मी महेंद्रला म्हटलं, "अरे, ही कोण?" तर म्हणतो, "काकू, तीच आहे, रीमेक आहे ना." म्हातारपण काढून टाकलं म्हणजे दुरुस्ती झाली, असं या मंडळींना वाटतं की काय?

बरं, तेही सोसलं असतं. पण लढाई! आधी प्रत्येकाची पाळी यायची, तेव्हा मी साकेतला सांगायचे, "थांब, विचार कर." आता विचार करायला घेतला की मेलोच. माझा अंगठा बटणापर्यंत पोचेस्तोवर तिघंही आडवे. पहिल्या कंदिलापाशी एवढ्या वेळा हरले की महेंद्रच म्हणाला, "काकू, चहा घेऊया."

तू शिकलेली आहेस. सरळ सांग, हे खेळण्यासारखं आहे का? की माझ्यासारखीला काहीतरी हातात द्यायचं म्हणून दिलंय, रडणाऱ्या पोराला खुळखुळा देतात तसं?

सुहासिनी आत्या

*

डोंबिवली
६ जुलै

प्रिय आत्या,

खुळखुळा नाही. मी घाईने उत्तर देत नाहीये, दोन्ही खेळ आमच्या धाकट्या सौमित्रच्या लॅपटॉपवर पाहिले, मग लिहायला बसले.

जुना खेळ आज पाहिला तर चित्रं ओबडधोबड आहेत. माणसांना बोटं नाहीत, नुसते मुटके. त्याच त्या जंगलात पुन्हा पुन्हा लढाया होतात आणि मला तर कंटाळा आला. पण तो थांबतो, आत्या. तुझी पाळी आली की तू बटण दाबेपर्यंत धुक्याचा राजासुद्धा जागच्या जागी हलत उभा राहतो. तू दूध तापवून आलीस तरी तो तिथेच. एवढा सभ्य शत्रू आजकाल कुठे मिळतो? तुझ्या अंगठ्याला लागेल तेवढा वेळ लागू दे, कुणी मरणार नाही.

म्हणून माझं मत: नवा बाजूला ठेव, जुना खेळ. दादाचं जुनं यंत्र तुझ्या माळ्यावर आहे, असं तो म्हणाला. रविवारी येते, काढून पुसून लावून देते.

एक विनंती. खेळताना उजव्या हातानेच होकाराचं बटण दाब. खेळाच्या रिमोटवर डावा अंगठा दिशांसाठी, उजवा होकारासाठी. पत्रही उजव्यानेच. मागच्या पत्रातलं अक्षर वाकडं होतं, पण मला ते पाहून रडू आलं, आनंदाने. मी दादाला कळवते आहे की आत्या उजव्या हाताने पानभर लिहिते आहे.

क्षिप्रा

*

माजिवडा
२४ जुलै

चि. क्षिप्रा,

तुझा जुना खेळ म्हणजे माझी माणसं परत आली! सहा कंदील पेटले. शिपाई अजून तसाच बढाईखोर, ओतो अजून म्हातारी. दर गावात विहिरीपाशी एक बाई उभी असते, तिच्याशी दोनदा बोललं की दुसऱ्यांदा ती खरं सांगते. साकेतला मी हेच शिकवलं होतं, माणूस पहिल्यांदा बोलतं ते पाहुण्याशी.

आणि ऐक, अमृताच्या बाटल्या मी किती जमवल्यात म्हणून सांगू! एक बाटली पाजली की मेल्यात जमा झालेला माणूस ठणठणीत उठतो. विकत मिळत नाहीत, कुठेतरी गुहेत, कुणाच्या माळ्यावर सापडतात. मी एकही वाया घालवलेली नाही. साध्या पाल्याच्या औषधावर निभावते. योगिनी म्हणाली, "काकू, तुम्ही पक्क्या गृहिणी!" मी म्हटलं, "अगं, चांगली वस्तू प्रसंगाला लागते."

अक्षर सुधारलंय की नाही? साकेतला दाखव.

आत्या

*

डोंबिवली
११ ऑगस्ट

प्रिय आत्या,

काल तुझ्याकडून निघताना मी नीट बोलले नाही. चप्पल घालून सरळ खाली आले. तुला वाटलं असेल मला उशीर होत होता. तसं नव्हतं. तोंडावर बोलायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून लिहिते. हे पत्र चार वेळा फाडलंय.

काल तू शेवटच्या लढाईला बसलीस. मी शेजारी, हातात पोह्यांची बशी. तू खेळात रंगून गेलेलीस आणि मी शेजारी आहे हे विसरलीस. तुझा उजवा हात मांडीवर होता, पदराखाली. दिशा डाव्या अंगठ्याने, आणि होकाराचं बटणही डाव्याच हाताने, रिमोटच्या पलीकडे हात नेऊन. मग मी टेबलावरचं अर्धवट पत्र पाहिलं. शाई डावीकडून उजवीकडे फरफटली होती. लिहिणारा हात मागून ओल्या अक्षरांवरून जातो तेव्हाच असं होतं. तुझी सगळी पत्रं डाव्या हाताची आहेत. जे सुधारलं ते डाव्या हाताचं अक्षर.

दादाला मी दोनदा कळवलं की आत्याचा उजवा हात सुधारतोय. मी त्याला खोटं सांगितलं, आत्या. मला माहीत नव्हतं, पण सांगितलं मीच.

आणि चूक माझीही आहे. जुना खेळ थांबतो म्हणून मी त्याचं एवढं कौतुक केलं. तो थांबतो म्हणूनच तुला डावा हात पलीकडे न्यायला फुरसत मिळाली. नव्या खेळात हे चाललंच नसतं. त्याची घाई मला आवडली नव्हती, पण त्याने तुला पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

काल तू हरलीस. आधी शिपाई पडला, मग पोरगी, शेवटी ओतो. आणि तुझ्या पिशवीत अमृताच्या बाटल्यांनी पडद्यावरची अख्खी यादी भरलेली. मी म्हटलं, "आत्या, पाज ना!" तू म्हणालीस, "अजून थोडं थांबू." शेवटच्या लढाईनंतर कसला प्रसंग यायचा होता?

मग मी पाणी प्यायला आत गेले आणि तुझं घर पाहिलं. शोकेसमधले काचेचे कप, मी जन्मल्यापासून तिथेच. कपाटात दादाने आणलेले परदेशी साबण, साड्यांना वास यावा म्हणून. कॉफीची बरणी, तारीख उलटून गेलेली, सील तसंच. आमच्या घरीही हेच आहे, आईने नवी पातेली माळ्यावर ठेवली आहेत, कशासाठी ते तिलाही आठवत नाही. आपण सगळे असेच. पण आत्या, तू उजवा हातही तसाच ठेवला आहेस. जपून. दुखेल, पेला पडेल, लोक बघतील, म्हणून पदराखाली. योगिनीताई म्हणतात, न वापरलेला हात बरा होत नाही, तो विसरतो.

दादाला मी दिवाळीच्या आत पुन्हा लिहीन. जे असेल ते लिहीन. मला माफ कर.

क्षिप्रा

*

डोंबिवली
२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. गौरींना आलीस तेव्हा तू माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच बोललीस. मी दिलं. तू ते डाव्या हाताने घेतलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. ते मला दिवसभर टोचत राहिलं.

मी बरोबर लिहिलं की चूक, मला कळत नाही. पण लिहिलेलं मागे घेत नाही.

क्षिप्रा

*

माजिवडा
१६ सप्टें.

क्षिप्रा

हा उजवा हात. एक ओळ. दुसरी ओळ जेवल्यावर.

योगिनीने डाव्या हाताला ओव्हनचा मोजा घातला. दोरीने बांधला. माकड दिसते.

रिमोट टेबलावर. सगळं उजव्याने.

तू आगाऊ आहेस. बरोबर आहेस.

आ.

*

डोंबिवली
५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी बाबांना, आईला, सौमित्रला दाखवलं. बाबा म्हणाले, "ही आमची ताई. शिव्या दिल्याशिवाय कबूल नाही करायची." मी ते उशाशी ठेवलंय. त्यातल्या प्रत्येक अक्षराला तुला किती जोर लागला असेल ते कागदाच्या मागच्या बाजूने हात फिरवला की कळतं.

जुन्या खेळाबद्दल माझं मत पुन्हा बदललं, रागावू नकोस. तो थांबतो हे चांगलंच आहे. डावा हात मोज्यात असला की त्याच्या थांबण्याचा उपयोग होतो. वाट पाहणारा खेळ हवा आणि पळवाट बंद हवी, दोन्ही एकदम.

दादाला लिहिलेल्या पत्रातला मजकूर ठरल्याप्रमाणे तुला आधी: "आत्याचा हात सुधारतोय असं मी जुलैत कळवलं ते खरं नव्हतं, ती डाव्या हाताने लिहीत होती. सप्टेंबरपासून ती उजवा वापरते आहे. काल मी पाहिलं, तिने गोळ्यांचं पाकीट उजव्या अंगठ्याने फोडलं, वेळ लागला, गोळी उडून फ्रिजखाली गेली, दुसरी फोडली. गॅस पेटवते. कुलूप अजून जमत नाही, किल्ली फिरवताना मनगट अडतं. दिवाळीत तू स्वतः बघ आणि मग ठरव. माझं मत विचारशील तर तिला इथेच राहू दे."

कुलूप जमत नाही हे मला लिहावं लागलं. खोडलं होतं. पुन्हा लिहिलं.

आणि हे पत्र तू दहावीला दिलेल्या पेनाने लिहिते आहे. इतकी वर्षं डबीत होतं. निब कोमट पाण्यात भिजत ठेवावी लागली, पण चालतंय, छान चालतंय.

क्षिप्रा

*

माजिवडा
२५ ऑक्टोबर

चि. क्षिप्रा,

आशीर्वाद. हे पत्र उजव्या हाताने, तीन दिवस बसून लिहिलं आहे. कंटाळलीस तरी शेवटपर्यंत वाच.

साकेत पाडव्याला आला, दारात मोठी रिकामी बॅग घेऊन. मी विचारलं, "ही कशाला?" तर इकडे तिकडे बघायला लागला. तुझं पत्र त्याने वाचलं होतं, कुलपाचं वाक्य नेमकं लक्षात ठेवलं होतं. जेवण झाल्यावर म्हणाला, "आई, तू चिडू नकोस, पण निदान चार महिने तरी चल. मी सगळं बघतो." त्याचा जीव तुटतो, ते मला कळतं. लेकराला वाटतं आईचं सगळं आपण करावं.

मी म्हटलं, "आधी बस. माझी एक लढाई राहिली आहे."

डावा मोजा काढून ठेवला होता, आता दोन्ही हात रीतसर. डावा दिशेला, उजवा होकाराला. सुरुवातीला साकेत सोफ्यावर रेलून हसत होता, "अरे, हा खेळ अजून चालतो?" जरा वेळाने पुढे सरकला. मग जमिनीवर, माझ्या पायाशी, लहानपणी बसायचा तसा. त्याला इंग्रजी उत्तम येतं आता, तरी मी मोठ्याने वाचत होते, मराठीत सांगत होते आणि तो ऐकत होता.

धुक्याच्या राजाने शिपायाला पाडलं. माझा अंगठा घसरला, चुकीचं बटण लागलं, पोरगीही पडली. साकेतने हात पुढे केला. "दे, दे इकडे, मी करतो!"

"खाली बस."

"अगं, मरशील!"

"माझी पाळी आहे. तो थांबलाय, दिसत नाही? तूही थांब."

थांबला बिचारा. मी अमृताची यादी उघडली. क्षिप्रा, तुला खोटं नाही सांगत, पुन्हा एकदा सगळ्या मोजल्या. इतक्या जपलेल्या. म्हटलं, आता हाच तो प्रसंग. पाजली शिपायाला. पाजली पोरीला. तेवढ्यात ओतोला लागलं, तिला पाजली. दर पाळीला एक. साकेत ओरडायला लागला, "अजून एक! आई, उडव सगळ्या!" हा पोरगा लहानपणी एक बाटली उघडू द्यायचा नाही, रडायचा! अंगठा दुखत होता, चांगला दुखत होता, खरा, जिवंत दुखत होता. शेवटचा वार कोणी केला सांगू? ओतोने. लहानपणी साकेत तिला लढू द्यायचा नाही, म्हणायचा ही फक्त औषध देणारी. मी तिला काठी मारायला लावली आणि धुक्याचा राजा त्या काठीने पडला.

नववा कंदील पेटला. साकेत उभा राहून असा ओरडला की महेंद्र धावत आला, त्याला वाटलं मला परत काही झालं. दार आतून बंद. बाहेरून घंटा, बडबड, "काकू! काकू!" साकेत उठायला लागला. मी म्हटलं, "बस." गेले, किल्ली उजव्या हातात घेतली, मनगट अडलं, थांबले, पुन्हा फिरवली. आणि कट्ट झालं. महेंद्र दारात, मी दारात, मागे साकेत. मग महेंद्र म्हणाला, "काकू, कुलूप तुम्ही उघडलंत?" मी म्हटलं, "नाही, ओतोने."

त्यानंतर घराविषयी साकेत एक शब्द बोलला नाही. कबूल केल्याप्रमाणे. फक्त स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

मी शोकेसमधले कप काढले. त्यात चहा केला. महेंद्रच्या हातून एक फुटला, तो रडवेला झाला. मी म्हटलं, "फुटू दे रे. वापरताना फुटला, शोभेत नाही फुटला." बॅग चकली-चिवड्याने भरून साकेत काल परत गेला. त्यात परदेशी साबण एकच घातला, बाकीचे मी आंघोळीला घेणार आहे.

तू विचारायचं राहिलीस, पण मी उत्तर देते, कारण प्रश्न माझाच होता. हे खेळण्यासारखं आहे का? आहे. जुन्यात चित्रं भिकार आहेत, निम्म्या लढाया उगाच आहेत, तरी तो माणसाला वेळ देतो, आणि वेळ मिळाला की माणूस मोठा होतो नाहीतर लबाड होतो, आपण दोन्ही पाहिलं. नव्यावर मी अन्याय केला होता. कालपासून पुन्हा लावलाय. अक्षरं मोठी आहेत, चष्म्याशिवाय वाचता येतात. आणि ओतोच्या तरुणपणाचं गाव दाखवलंय त्यात, जुन्यात ते नव्हतंच. ती म्हातारी कशी झाली ते कळतंय. पुढे तिला म्हातारी करतील अशी आशा आहे, नाही केली तर कंपनीला इंग्रजीत पत्र लिहीन, उजव्या हाताने.

घाई आहे त्यात, धाप लागते. पहिल्या कंदिलापाशी पुन्हा हरले, पण या वेळी अंगठा वेळेवर पोचला होता, डोकंच मागे राहिलं.

रविवारी ये. दार मी उघडीन. नव्या खेळात पहिल्याच गावात अमृताची एक बाटली सापडली आहे. आल्या आल्या ती फोडू.

तुझी,
सुहासिनी आत्या